रोजकीर्द आणि खतावणी : वितरित डेटाबेसांतील बदलांची राखण व त्यांना द्यावयाचा प्रतिसाद

१

भाषेच्या अभ्यासकाची साधनसामग्री पूर्वी कागदावर असे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. त्यासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या आणि त्या वर्णानुक्रमाने लावून ठेवण्यात आल्या. अशा चिठ्ठीचे काही गुण आपण सहसा ध्यानात घेत नाही. ती एका वेळी एकाच ठिकाणी असते. तिच्यावरील मजकूर कोणी दुरुस्त केला, तर खोडलेले अक्षर नव्या अक्षराखाली दिसत राहते. आणि ती चुकीच्या खणात गेली, तरी शेजारच्या चिठ्ठ्यांना त्यापासून अपाय होत नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. बोलींच्या सर्वेक्षणांतील ध्वनिमुद्रणे, त्यांची लिप्यंतरे, व्याकरणिक टिपणे जोडलेले कॉर्पस आणि कोशांतील नोंदी ही सर्व सामग्री आता डेटाबेसात असते. तो डेटाबेसही बहुधा एका यंत्रावर नसून निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक सर्व्हरांवर वसलेला असतो. अशा सामग्रीच्या सुरक्षिततेविषयी प्रश्न केला असता, "तिच्या तीन प्रती आहेत, चिंता नको," असे उत्तर पुष्कळदा मिळते. हे उत्तर अपुरे आहे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे. तसे का, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्याच ओघात दुसराही एक प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे : मूळ नोंद बदलली असता तिच्यावर अवलंबून असलेल्या सूची, शोधसाधने व पदसंदर्भ यांना तो बदल कसा कळावा? वरवर पाहता हे दोन प्रश्न भिन्न दिसतात. पहिला गतकाळ सांभाळण्याचा आहे, दुसरा भविष्यात वागण्याचा. तथापि दोहोंचे उत्तर एकच आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. एकच डेटाबेस अनेक सर्व्हरांवर ठेवण्याचे हेतू दोन. सामग्री एका यंत्रात मावत नाही म्हणून तिचे खंड पाडून ते वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवावे, हा एक. आणि एखादा सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये म्हणून प्रत्येक खंड एकाहून अधिक ठिकाणी ठेवावा, हा दुसरा. या दुसऱ्या हेतूने ठेवलेल्या नकलेस आपण 'प्रतिकृती' म्हणू. प्रतिकृती जिवंत असते : मूळ सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल काही क्षणांत तिच्यावरही होतो, आणि तसा व्हावा हेच तिचे प्रयोजन आहे.

याहून निराळी वस्तू म्हणजे बॅकअप. त्यास 'राखीव प्रत' म्हणू. राखीव प्रत गतकाळातील एखाद्या क्षणाची असते व ती त्या क्षणापाशी थांबलेली असते. मराठीत 'प्रत' हा एकच शब्द आपण दोहोंसाठी वापरतो, म्हणून विचारातही दोहोंची सरमिसळ होते.

समजा, एका बोलीकोशाचा डेटाबेस पुणे, नागपूर व पणजी येथील तीन सर्व्हरांवर ठेवलेला आहे. एका साहाय्यकाने अनवधानाने अशी आज्ञा दिली की, केवळ एका तालुक्यातील नोंदींऐवजी सर्वच नोंदींतील 'न्हेरी' हे रूप पुसून तेथे 'न्याहारी' हे प्रमाण रूप लिहिले गेले. ही आज्ञा पुण्याच्या सर्व्हरने मानली की एक-दोन क्षणांत ती नागपूर व पणजी येथेही अमलात येते. तिन्ही प्रतिकृती परस्परांशी तंतोतंत जुळतात, आणि तिन्ही सारख्याच चुकीच्या असतात. यंत्र बिघडल्यास प्रतिकृती उपयोगी पडते. माणूस चुकल्यास ती चुकीचाच प्रसार करते.

३

मग चुकीपूर्वीची स्थिती कोठे असते? याचे उत्तर समजण्यास मराठी जमाखर्चाची जुनी परिभाषा फार सोयीची आहे. व्यापाऱ्याकडे दोन मुख्य वह्या असत. रोजकीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहिला जाई. त्यावरून पुढे खतावणीत प्रत्येक खातेदाराच्या नावे तो मांडला जाई. पेशवे दफ्तरातही रोजकीर्दी आहेत. खतावणी पाहिली की कोणाकडे किती येणे आहे हे तत्काळ कळते. रोजकीर्दीवरून ते कळण्यास मागील सर्व पाने चाळावी लागतात. परंतु खतावणी जळाली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. रोजकीर्द जळाली, तर खतावणीवरून व्यवहारांचा मूळ क्रम सर्वस्वी उभा करता येत नाही. खतावणी ही सोय आहे; प्रमाण ती रोजकीर्द.

डेटाबेसाच्या अंतर्भागात हीच व्यवस्था आहे. आपणास पडद्यावर दिसतात ते तक्ते म्हणजे खतावणी. त्यांच्या मागे एक नोंदवही असते. बदल तक्त्यात कायमचा लिहिण्यापूर्वी तो नोंदवहीत लिहिला गेला पाहिजे, असा नियम असतो. वीज मध्येच गेली, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना ही नोंदवही वाचून अर्धवट राहिलेली कामे पुरी करतो वा मागे घेतो. या पद्धतीचे सर्वांगीण विवेचन सी. मोहन व त्यांचे आयबीएममधील सहकारी यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या 'एरीज' या नावाच्या प्रबंधात आहे, आणि आजच्या अनेक डेटाबेसांवर त्याचा प्रभाव दिसतो. पुढील विवेचनात या नोंदवहीस आपण रोजकीर्दच म्हणू.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. अशी रोजकीर्द त्यात २००१ सालच्या ७.१ या आवृत्तीपासून आली. हेतू एवढाच होता की वीज गेल्यास सामग्री विस्कटू नये. २००५ सालच्या ८.० या आवृत्तीत असे लक्षात घेतले गेले की, एक जुनी राखीव प्रत आणि तिच्यानंतरची सर्व रोजकीर्द जपून ठेवली, तर हव्या त्या क्षणापर्यंत सामग्री पुन्हा उभी करता येते. २०१० सालच्या ९.० या आवृत्तीत तीच रोजकीर्द दूरच्या सर्व्हरकडे सतत वाहू लागली व तिच्यापासून जिवंत प्रतिकृती होऊ लागल्या. आणि २०१४ सालच्या ९.४ या आवृत्तीपासून रोजकीर्दीतील मजकूर उलगडून, 'अमुक तक्त्यातील अमुक नोंद अशी बदलली', अशा अर्थपूर्ण रूपात तो इतर कार्यक्रमांना देता येऊ लागला. चार गरजा वेगवेगळ्या काळी उत्पन्न झाल्या. चारही एकाच वहीने भागविल्या.

आता आपल्या बोलीकोशाकडे वळू. रविवारी रात्री घेतलेली राखीव प्रत आणि त्यानंतरची रोजकीर्द हाती असेल, तर बुधवारी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी दिलेल्या त्या आज्ञेच्या अगोदर, म्हणजे २ वाजून ९ मिनिटांपर्यंतची स्थिती परत मिळवता येते. रविवारच्या प्रतीवर रोजकीर्दीतील नोंदी क्रमाने लावीत जावयाचे आणि त्या आज्ञेपाशी थांबावयाचे. केवळ राखीव प्रत असती, तर तीन दिवसांचे काम गेले असते. केवळ प्रतिकृती असत्या, तर सर्वच गेले असते.

४

येथवर आपण एकाच सर्व्हरच्या रोजकीर्दीचा विचार केला. खंड पाडलेल्या डेटाबेसात प्रत्येक खंडाची रोजकीर्द स्वतंत्र असते, आणि येथून वितरित व्यवस्थेची खरी अडचण सुरू होते.

समजा, 'न्हेरी' ही नोंद पुण्याच्या खंडातून काढून नागपूरच्या खंडात हलवावयाची आहे. नागपूरची राखीव प्रत २ वाजता घेतली. त्या वेळी नोंद तेथे पोचलेली नव्हती. पुण्याची राखीव प्रत २ वाजून ५ मिनिटांनी घेतली. तोवर नोंद तेथून गेलेली होती. दोन्ही प्रती आपापल्या जागी निर्दोष आहेत, परंतु दोहोंत मिळून ती नोंद कोठेच नाही. क्रम उलटा असता, तर तीच नोंद दोन्हीकडे आली असती. यावर "दोन्हीकडे बरोबर २ वाजताच प्रत घ्यावी" असे म्हणणे सोपे आहे. पण दोन यंत्रांची घड्याळे कधीच पूर्णपणे जुळत नाहीत, आणि निरोपास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचण्यास वेळ लागतो. दूर असलेल्या यंत्रांना समान असा 'हा क्षण' नसतो.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या अडचणीचे मूळ दाखविले. त्यांचा विचार भाषाभ्यासकास अपरिचित वाटू नये. ऐतिहासिक भाषाशास्त्रात एखाद्या ध्वनिपरिवर्तनाचा सन आपणास बहुधा सांगता येत नाही. परंतु एका परिवर्तनाचे फल दुसऱ्यास कारण झाले असेल, तर पहिले आधीचे व दुसरे नंतरचे, हे निश्चयाने सांगता येते. या सापेक्ष कालक्रमावरच आपले बरेचसे शास्त्र उभे आहे. लॅम्पोर्ट यांनी यंत्रांसाठी हेच प्रतिपादिले : निरोप पाठविण्याची घटना ही तो मिळण्याच्या घटनेच्या आधीची, एवढे निश्चित, एकाच यंत्रातील घटनांचा क्रम निश्चित, आणि या दोन नियमांनी ज्या घटना परस्परांशी जोडल्या जात नाहीत, त्यांच्यात आधी-नंतर असा भेद करण्यास वास्तविक आधार नाही.

याच पायावर के. मणि चंडी व लॅम्पोर्ट यांनी १९८५ साली सुसंगत क्षणचित्र घेण्याची रीत मांडली. एका यंत्राने आपली स्थिती नोंदवावी व लगेच आपल्या सर्व वाटांवर एक खुणेचा निरोप धाडावा. ज्यास ती खूण प्रथम मिळेल त्याने आपली स्थिती नोंदवून तीच खूण पुढे धाडावी; आणि आपण स्थिती नोंदविल्यानंतर परंतु एखाद्या वाटेवरून खूण येण्यापूर्वी त्या वाटेने जे निरोप आले, ते 'वाटेत असलेले' म्हणून वेगळे लिहून ठेवावे. निरोप ज्या क्रमाने धाडले त्याच क्रमाने ते पोचतात, एवढे मात्र येथे गृहीत आहे. या रीतीने मिळणारे चित्र प्रत्यक्षात कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात होते असे नाही. पण त्यात परिणाम आहे आणि कारण नाही, असे कोठेही घडत नाही. आपल्या उदाहरणातील नोंद पुण्यास नसेल व नागपुरासही नसेल, तर ती वाटेतल्या यादीत सापडते.

दुसरा मार्ग घड्याळांचीच चूक मोजण्याचा. गूगलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्पॅनर' या डेटाबेसाच्या वर्णनात, जीपीएस व अणुघड्याळे यांच्या साहाय्याने घड्याळ किती चुकू शकेल याची मर्यादा ठरविण्याची आणि तेवढा वेळ थांबूनच बदल जाहीर करण्याची योजना आहे. तेथे जुन्या नोंदी न पुसता त्यांच्या शेजारी नवी आवृत्ती कालखुणेसह लिहिली जाते. त्यामुळे 'अमुक काळची स्थिती दाखवा' असे सर्व खंडांना एकदम विचारता येते. मार्ग कोणताही असो, ज्या व्यवस्थेत प्रत्येक सर्व्हरची राखीव प्रत आपापल्या सोयीने घेतली जाते, त्या व्यवस्थेत सर्व प्रती एकत्र केल्या तरी पूर्ण डेटाबेस परत मिळेलच असे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

५

आता दुसरा प्रश्न. कोशातील नोंद बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक गोष्टी बदलाव्या लागतात : शोधसूची, शब्दांच्या वारंवारितेचा तक्ता, संकेतस्थळावरील पृष्ठ, मुद्रणासाठीची संहिता. नवशिक्या रचनाकारास सुचणारी पहिली रीत अशी की, नोंद बदलणाऱ्या कार्यक्रमानेच एकामागून एक या सर्व ठिकाणी बदल लिहावा. ही दुहेरी लेखनाची रीत होय, आणि ती सदोष आहे. डेटाबेसात लेखन झाले व शोधसूचीत लिहिण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तर दोहोंत कायमचा भेद राहतो. याहूनही अवघड प्रकार असा : दोन संपादकांनी एकाच नोंदीत जवळजवळ एकाच वेळी बदल केले. डेटाबेसास आधी पहिला व मग दुसरा मिळाला. शोधसूचीस वाटेतील विलंबामुळे आधी दुसरा व मग पहिला. कोठेही त्रुटीचा संदेश उमटला नाही, परंतु कोश एक सांगतो व त्याची सूची दुसरेच.

व्यापाऱ्याचा कारकून असे कधी करीत नसे. प्रत्येक खात्यात तो व्यवहार घडताच धावत जाऊन लिहीत नसे. तो रोजकीर्दीत एकदा लिही, आणि खतावण्या रोजकीर्दीवरून होत. डेटाबेसांतही हाच उपाय आहे. लेखन एकाच ठिकाणी करावे. शोधसूची, वारंवारिता-तक्ता इत्यादींनी डेटाबेसाची रोजकीर्द वाचून, तिच्यातील क्रमाने, आपापली खतावणी लावावी. बदलांचे हे वाचन करणाऱ्या व ते इतरांस पोचविणाऱ्या व्यवस्था गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाल्या. लिंक्डइन या संस्थेत निर्माण होऊन २०११ साली सर्वांसाठी खुली झालेली 'काफ्का' ही त्यांपैकी सुप्रसिद्ध होय. लेखनास अनुकूल अशी ही व्यवस्था, म्हणून तिला एका लेखकाचे नाव देण्यात आले.

मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे उदाहरण मराठी विकिपीडियाचे आहे. २००३ साली आरंभ झालेल्या या कोशात प्रत्येक लेखाचा 'इतिहास' पाहता येतो आणि सर्व लेखांतील फेरफार 'अलीकडील बदल' या पृष्ठावर क्रमाने दिसतात. लेखातील एखादी ओळ बदलली की जुनी आवृत्ती पुसली जात नाही, नवी तिच्यापुढे लिहिली जाते. शोधसूची, वर्गांच्या याद्या व साठवून ठेवलेली पृष्ठे यांचे नवीकरण त्यानंतर स्वतंत्र कामांकडून होते. म्हणून नुकताच लिहिलेला मजकूर लेखात दिसतो, पण शोधात काही वेळाने सापडतो. हा दोष नव्हे; रोजकीर्द आधी व खतावणी मागून, या क्रमाचाच तो परिणाम आहे.

या रीतीत दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, वाचणाऱ्याने आपण कोठवर वाचले याची खूण ठेवावी. खूण करण्यापूर्वीच तो बंद पडला, तर पुन्हा सुरू झाल्यावर शेवटचा बदल त्यास दुसऱ्यांदा मिळेल. म्हणून बदल असा लिहिलेला असावा की तो दोनदा लागू केला तरी फल तेच राहावे. 'वारंवारिता एकाने वाढवा' हा बदल दोनदा लागू झाल्यास चूक होते. 'वारंवारिता ४२ करा' हा दोनदाच काय, दहादा लागू झाला तरी चूक होत नाही. दुसरे पथ्य रोजकीर्दीच्या आयुष्यासंबंधी आहे. ती अनंत काळ साठविता येत नाही. अमेझॉनच्या डायनॅमोडीबीमध्ये बदलांचा प्रवाह २४ तास ठेवला जातो. वाचणारा त्याहून अधिक काळ बंद राहिला तर मधले बदल त्यास मिळत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये मागे पडलेल्या वाचकासाठी रोजकीर्द राखून ठेवता येते. पण मर्यादा घातली नसेल तर ती साचत जाऊन सर्व्हरची जागाच संपू शकते.

मग मागे पडलेल्या किंवा नव्यानेच आलेल्या वाचकाने काय करावे? त्याने डेटाबेसाचे एक सुसंगत क्षणचित्र घ्यावे, ते रोजकीर्दीतील कोणत्या स्थानाचे आहे हे टिपून ठेवावे, आणि तेथून पुढची रोजकीर्द वाचावी. हीच कृती आपण तिसऱ्या विभागात पाहिली : रविवारची प्रत, आणि तिच्यापुढची रोजकीर्द. राखीव प्रतीवरून पुनःस्थापना करणारा एका विशिष्ट क्षणी थांबतो. प्रतिसाद देणारा थांबत नाही. याहून दोहोंत तत्त्वतः भेद नाही. लेखाच्या आरंभी दोन प्रश्नांचे उत्तर एक आहे असे म्हटले, त्याचा आशय हा.

६

एक बाब मात्र स्वतंत्र विचार मागते. ती म्हणजे विलोपन. नोंद वगळली याचा अर्थ ती नाही. पण वितरित व्यवस्थेत 'नाही' याचे दोन अर्थ संभवतात : होती व काढून टाकली, किंवा अद्याप येथवर पोचलीच नाही. पुण्यास नोंद आहे व नागपुरास नाही. आता नागपुरास ती पाठवावयाची, की पुण्याहून काढावयाची? केवळ रिकाम्या जागेवरून याचे उत्तर मिळत नाही. पाणिनीने लोपाची जी कल्पना योजिली ती येथे आठवल्याशिवाय राहत नाही. लोप म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. ज्याचा लोप झाला त्याचे स्थान व्याकरणात नोंदलेले असते, आणि त्याच्या निमित्ताने होणारी कार्ये पुढेही होऊ शकतात. वितरित डेटाबेसातही विलोपन ही एक लिहिलेली नोंदच असते. २००८ साली खुल्या झालेल्या 'कॅसॅन्ड्रा' या डेटाबेसात तिला 'टूम्बस्टोन', म्हणजे समाधिशिला, असे नाव आहे.

अशा शिला कायम ठेवणे परवडत नाही, म्हणून कॅसॅन्ड्रात मूळ योजनेनुसार १० दिवसांनंतर त्या काढून टाकण्यास मुभा असते. आता एखादा सर्व्हर १० दिवसांहून अधिक काळ बंद राहून परत आला, किंवा त्यावर महिन्यापूर्वीची राखीव प्रत चढविली, तर त्याच्याजवळ जुनी नोंद असते आणि ती वगळल्याचा पुरावा मात्र इतरांनी पुसून टाकलेला असतो. अशा स्थितीत ते सर्व्हर ती नोंद नवीनच आली असे समजून स्वीकारतात. वगळलेली नोंद पुन्हा जिवंत होते.

हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. बोलीच्या अभ्यासासाठी एखाद्या वक्त्याने आपले बोलणे मुद्रित करू दिले, त्यात घरगुती गोष्टी आल्या, आणि पुढे त्याने ते मुद्रण काढून टाकण्याची विनंती केली, असे घडू शकते. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात व्यक्तीस आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. संशोधनास त्यात काही सवलती असल्या तरी वक्त्याला दिलेल्या शब्दाचे बंधन त्यामुळे कमी होत नाही. आपण मुद्रण वगळले, वक्त्यास तसे कळविले, आणि सहा महिन्यांनी एका बिघाडानंतर जुनी राखीव प्रत चढविली, तर ते मुद्रण कोणाच्याही इच्छेवाचून परत येईल. म्हणून विलोपनांची एक वेगळी, लहान व दीर्घकाळ टिकणारी यादी राखीव प्रतींबाहेर ठेवावी, आणि पुनःस्थापना झाल्यावर सामग्री खुली करण्यापूर्वी ती यादी पुन्हा लागू करावी. दुसरा उपाय, प्रत्येक वक्त्याची सामग्री स्वतंत्र गुप्तकिल्लीने कूटबद्ध करून ठेवावी व विनंती आल्यास किल्लीच नष्ट करावी. मग राखीव प्रतीतील मुद्रण कोणास उघडता येत नाही. या किल्ल्या अर्थातच त्या राखीव प्रतींत असता कामा नयेत.

७

आतापर्यंतचे विवेचन व्यवस्था योग्य रीतीने चालू आहे असे गृहीत धरून केले. पण ती चालू आहे हे कशावरून? गिटलॅब या संस्थेने ३१ जानेवारी २०१७ रोजी झालेल्या आपल्या अपघाताचा वृत्तांत स्वतःच विस्ताराने प्रसिद्ध केला आहे, आणि तो प्रत्येक विभागाने वाचण्याजोगा आहे. प्रतिकृतीचे काम बिघडले होते, म्हणून ती नव्याने उभारण्यासाठी तिची सामग्री पुसण्याचे एका अभियंत्याने ठरविले. परंतु आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. ती थांबविली तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइट उरले होते. राखीव प्रती घेण्याची योजना होती, पण ज्या साधनाने त्या घ्यावयाच्या त्याची आवृत्ती डेटाबेसाच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे त्या घेतल्याच जात नव्हत्या. त्या अपयशाच्या सूचना ईमेलने धाडल्या जात होत्या, पण त्याही वाटेतच नाकारल्या जात होत्या. अखेर, दुसऱ्याच एका कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेले एक क्षणचित्र सापडले व त्यावरून सेवा पूर्ववत् झाली. त्यानंतरच्या तासांतील नोंदी, म्हणजे सुमारे ५,००० प्रकल्पांची माहिती, तितक्याच टिपण्या व ७०० नवीन सदस्यांची खाती, कायमची गेली.

यातून निघणारा बोध असा की, जिच्यावरून पुनःस्थापना करून पाहिलेली नाही, तिला राखीव प्रत म्हणू नये. व्यापारी वर्षअखेर ताळा पाहतो. राखीव प्रतीचाही ताळा पाहावा लागतो, आणि तो रिकाम्या यंत्रावर सामग्री प्रत्यक्ष उभी करूनच पाहता येतो.

भाषाविषयक सामग्री सांभाळणाऱ्या प्रत्येक विभागाने म्हणून आपल्या व्यवस्थेस काही प्रश्न विचारावेत. माणसाच्या हातून चूक झाल्यास चुकीपूर्वीच्या कोणत्या क्षणापर्यंत आपण परत जाऊ शकतो? सर्व खंडांच्या राखीव प्रती परस्परांशी सुसंगत आहेत काय? सूची व शोधसाधने रोजकीर्द वाचून चालतात, की दुहेरी लेखनावर? पुनःस्थापनेनंतर वगळलेल्या नोंदी वगळलेल्याच राहतील काय? आणि शेवटची पुनःस्थापना प्रत्यक्ष कोणी, केव्हा करून पाहिली? या प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत. कारण आपल्या सामग्रीतील काही आवाज अशा वक्त्यांचे आहेत की जे आज हयात नाहीत. कोशातील नोंद पुन्हा लिहिता येते; ते मुद्रण पुन्हा घेता येणार नाही.